मदत हवी आहे : डोळ्याच्या आत बुरशी, व्होरिकोनाझोल (बुरशीवरचं औषध) चालू आहे

आमच्या अण्णांना ऊस तोडताना डोळ्यात पातं लागलं. बुबुळावर जखम झाली. नाटामायसिनचे (हेही बुरशीवरचंच औषध) थेंब दर तासाला घालत होतो, तरी बुरशी आत उतरली. आता डोळ्यात व्होरिकोनाझोलचं इंजेक्शन दिलंय, शिवाय त्याच्याच २०० मिलीग्रॅमच्या गोळ्या दोन वेळा, जेवणाच्या तासभर आधी. या गोळ्यांमुळे लिव्हरची तपासणी करतोच आहोत. गोळीनंतर थोडा वेळ रंग वेगळेच दिसतात. डॉक्टर म्हणाले, औषधाने होतं. चांगला डोळा हाताने झाकून ते सारखं कॅलेंडर वाचून बघतात, बघवत नाही हो.

स्टिरॉइडचे थेंब कृपया कुणी सुचवू नका, बुरशीत ते फार घातक. कुणाच्या घरी असं झालंय का? इंजेक्शन पुन्हा द्यावं लागलं का? व्हिट्रेक्टॉमी (डोळ्याच्या आतला जेलीसारखा भाग काढायचं ऑपरेशन) करायची कधी ठरली, आणि नंतर नजर कितपत आली?