मानसशास्त्रात एमए: क्लिनिकल घेऊ की समुपदेशन?

कर्वेनगरकर: बीए मानसशास्त्र झालंय. पुण्यातच एमए करायचंय. क्लिनिकल घेतलं की लगेच प्रॅक्टिस करता येते का?

मुळाकाठ: नाही, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. पदवीपत्रावर 'क्लिनिकल' असलं तरी भारतीय पुनर्वसन परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेला अभ्यासक्रम करून तिच्या केंद्रीय नोंदवहीत नाव आल्याशिवाय क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेता येत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या व्याख्येतही पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल आहे, देखरेखीखालच्या रुग्णकामासकट. मान्यता ठरावीक काळापुरतीच असते, म्हणून कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. आरसीआयच्या संकेतस्थळावर संस्था, अभ्यासक्रम आणि तुमचं प्रवेशवर्ष, तिन्ही जुळवून पाहा.

शनिवारपेठी: समुपदेशनाला आरसीआयची नोंदणी लागत नाही. म्हणूनच अभ्यासक्रम जास्त पारखून घ्यावा लागतो! विभागात जाऊन विचारा: प्रत्यक्ष केसेस किती, सुपरव्हिजन आठवड्याला किती तास, कोण देतं? नुसती निरीक्षणं आणि रोलप्ले असतील तर समुपदेशनाला आलेला पहिला माणूस आत्महत्येचं बोलला की काय करायचं, हे सुचणार नाही.

मुळाकाठ: आणि दूरशिक्षणाचा विचार सोडा, २०२५पासून यूजीसीने मानसशास्त्राला त्या पद्धतीत मनाई केली आहे.