39 आठवड्यांच्या आत सिझरची तारीख दवाखाना देत नाही, काय करावं?

गडहिंग्लजची सून
नमस्कार. माहेर बेळगाव-वडगाव, सासर गडहिंग्लज. पहिलं सिझर झालंय, आताही सिझरच ठरलंय. मामंजींनी पंचांग बघून तारीख काढून आणलीय. त्याच्यापुढं आश्लेषा, लागूनच अमावस्या, म्हणून तोच दिवस हवा. पाळीच्या तारखेनं त्या दिवशी 37 आठवडे 3 दिवस भरतात. इथल्या, माहेरच्या दवाखान्यातल्या मॅडम म्हणतात, कारण नसताना 39 च्या आत आमच्याकडं ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) यादीत नावच घेत नाहीत. मामंजी चिडलेत. "नववा लागला म्हणजे दिवस भरलेच की! दुसऱ्या दवाखान्यात पैसे भरले की तारीख मिळते." आमचे हे गप्प. दीड आठवड्यानं खरंच एवढं बिघडतं काय?

टिळकवाडीचा बाप
काही बिघडत नाही. माझी मुलगी 37 ला झाली, आज सायकल दामटते. मुहूर्तबिहूर्त मी मानत नाही, पण 37 म्हणजे पूर्ण दिवस असंच आम्हाला सांगितलं होतं.

रिटायर्ड सिस्टर
बाई, तुझ्या मॅडमना सोडू नको. माझी सगळी नोकरी लेबर रूममध्ये गेली. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडं सिझरची रांग लागायची. बाळ बाहेर यायचं ते गुलाबी, वजन अडीच किलोच्या वर, रडायचंही छान. आजी पेढ्यांचा बॉक्स उघडायच्या. आणि अर्ध्या तासात ते कण्हायला लागायचं. नाकपुड्या फुलायच्या, श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडायचा. मग पेटी, ऑक्सिजन, आणि आईला टाक्यांवर हात धरून काचेतनं बघत बसायचं. पोटात बाळाच्या फुफ्फुसात पाणी असतं. शेवटच्या दिवसांत आणि कळा सुरू झाल्यावर ते शोषलं जातं. कळांच्या आधी, त्यात लवकर काढलं की ते तसंच राहतं.

तुझ्यासारख्याच, म्हणजे आधी सिझर झालेल्या आणि दुसरं काही कारण नसलेल्या बायकांचा मोठा अभ्यास 2009 मध्ये अमेरिकेत छापून आला. श्वासाचा त्रास, साखर उतरणं, जंतुसंसर्ग, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ठेवावं लागणं असं काही ना काही झालेली बाळं 37 व्या आठवड्यात 15.3 टक्के, 38 व्यात 11, 39 व्यात 8.

टिळकवाडीचे दादा, 37 म्हणजे टर्म, पूर्ण दिवस, असं आम्हीही शिकलो होतो. 2013 मध्ये अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनं 37 आणि 38 चा आठवडा 'अर्ली टर्म' म्हणून वेगळा काढला, 'फुल टर्म' 39 पासून. तुमची लेक ठणठणीत आहे यात नवल नाही, बहुतेक असतातच. पण शंभरातली ती पंधरा कुणाची, हे आधी कळत नाही.

आता नियमाचं. डॉक्टर एकटा नाही म्हणू शकत नाही हो. त्यानं नाही म्हटलं की पेशंट समोरच्या दवाखान्यात, वर गावभर बोभाटा. अमेरिकेत 27 हॉस्पिटलांत तीन तऱ्हा करून बघितल्या. नुसतं डॉक्टरांना समजावलं तिथं अशा लवकरच्या डिलिव्हऱ्या 10.9 वरून 6 टक्क्यांवर आल्या. डॉक्टरांवर सोडून नंतर जाब विचारला तिथं 8.4 वरून 3.3. आणि जिथं कारण नसेल तर स्टाफनं नोंदच घ्यायची नाही असा कडक नियम केला, तिथं 8.2 वरून 1.7. तुझ्या मॅडम "आमच्याकडं घेत नाहीत" म्हणतात ना, तो नियम त्यांच्या पाठीशी उभा आहे म्हणून त्यांना तसं म्हणता येतं.

एक विचारते. पहिली सोनोग्राफी कुठं केलीस? त्यात बाळंतपणाची तारीख काय?

गडहिंग्लजची सून
गडहिंग्लजलाच, नवव्या आठवड्यात. इथं तायी कार्डावर (कर्नाटकात गरोदर बाईला देतात ते कार्ड) पाळीवरनं काढलेली तारीखच लिहिलीय, तिकडची फाइल सासरीच राहिली होती. ह्यांना फोटो पाठवायला लावला. सोनोग्राफीची तारीख नऊ दिवस पुढची आहे! माझी पाळी तशी आधीपासून अनियमितच.

रिटायर्ड सिस्टर
बघ. सुरुवातीच्या सोनोग्राफीत आठवड्यापेक्षा जास्त फरक पडला तर सोनोग्राफीची तारीख धरतात. म्हणजे मामंजींच्या मुहूर्तावर तुझे 36 आठवडे 1 दिवस. हे तर सरळ अपुऱ्या दिवसांचं बाळ. सासर तिकडं, माहेर इकडं, आणि फाइल ट्रंकेत! सीमाभागात हे फार चालतं. उद्याच तो कागद मॅडमना दाखव, कार्डावर तारीख दुरुस्त करून घे.

टिळकवाडीचा बाप
36 असेल तर मीही थांबा म्हणेन. मामंजींना 39 नंतरचा चांगला दिवस काढायला सांगा की. पंचांगात काय तेवढाच एक दिवस आहे?

गडहिंग्लजची सून
मॅडमनी सोनोग्राफीच्या हिशेबानं 39 नंतरचे दोन दिवस दिलेत. मामंजी पुन्हा पंचांग घेऊन बसलेत. एक दिवस "चालेल" म्हणाले, फक्त राहुकाळ टाळून सकाळी करा म्हणतात. पण मधेच प्रेशर वाढलं तर? मागच्या वेळी वाढलं होतं.

रिटायर्ड सिस्टर
मग 39 ची वाट बघायची नाही. नियम बिनकारणाच्या घाईला आहे. प्रेशर, पाणी जाणं, रक्त दिसणं, बाळ कमी हलणं, यात गरज पडली तर डॉक्टर लवकरही काढतात आणि काढायलाच हवं. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं अंधारी आली तर रात्र असली तरी नीघ. आणि तुझं आधी एक सिझर झालंय, तेव्हा कळा सुरू झाल्या तर ठरलेल्या तारखेसाठी घरी थांबू नको, तडक दवाखाना गाठ.