केंटमधले किल्ले आणि जुन्या वास्तू: गाडीशिवाय दोन दिवस

सह्यवेडा
लंडनला मुक्काम आहे, गाडी नाही. केंट काउंटीसाठी दोन दिवस काढलेत. सोबत सत्तरीचे सासरे आहेत. चालतात व्यवस्थित, पण गुडघ्यांमुळे जिने जपून. डोव्हर, कँटरबरी, रॉचेस्टर आणि लीड्स कासल यांतलं काय ठेवावं, काय गाळावं?

तटबंदी
लीड्स कासल गाळा. ते लीड्स शहरात नाही, केंटमध्येच मेडस्टोनजवळ आहे (लीड्सचं तिकीट काढाल तर यॉर्कशायरला पोचाल!). शिवाय स्टेशनपासून लांब.

पहिला रॉचेस्टर. त्यानंतर डोव्हर जास्त कळतो. बाराव्या शतकातला रॉचेस्टरचा बालेकिल्ला 113 फूट उंच आहे. बाहेरून एक फेरी मारा: तीन कोपरे चौकोनी आणि आग्नेयेचा गोल. 1215 साली जॉन राजाने वेढा घातला, तेव्हा त्याच्या माणसांनी या कोपऱ्याखाली भुयार खणून वरचं वजन लाकडी टेकूंवर तोललं. मग टेकू पेटवायला राजाने 40 डुकरं मागवली. खायला निरुपयोगी पण चरबीने भरलेली. बारूद नाही, नुसती आग. टेकू जळाले आणि कोपरा बसला. तरी आतले लोक मधल्या आडव्या भिंतीमागे सरकून लढत राहिले, शेवटी उपासमारीने शरण आले. डागडुजी पुढच्या राजाच्या काळात झाली आणि नवा कोपरा गोल बांधला, कारण चौकोनी कोपऱ्याच्या टोकाखाली खणणं सोपं जातं. आत मजले उरलेले नाहीत, नुसती तुळयांची भोकं. वर जायला अरुंद गोल जिने आहेत. सासऱ्यांना खाली थांबू द्या, मुख्य गोष्ट बाहेरूनच दिसते.

चुनखडी
वरच्याला जोड. पुढच्याच वर्षी, 1216 मध्ये, फ्रान्सच्या राजपुत्र लुईने डोव्हरच्या उत्तर दरवाजाखाली हेच केलं. एक बुरूज पडला, पण किल्ला टिकला. नंतर तो दरवाजा कायमचा बुजवून पश्चिमेला नवा केला. म्हणून आज उत्तर टोकाला दरवाजाचे बुरूज दिसतात, पण वाट नाही.

डोव्हर प्रायरी स्टेशनवरून किल्ल्यापर्यंत खडा चढ आहे, टॅक्सी करा. आत शिरल्यावर आधी भुयारं. 1940 मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरल्या डंकर्कहून 3,38,000 सैनिक परत आणण्याची सूत्रं इथूनच हलली. आत गटागटाने सोडतात, दुपारी रांग वाढते. बालेकिल्ल्याच्या भिंती काही ठिकाणी 21 फूट जाड आहेत, तिथेही जिनाच. चर्चला लागून असलेलं रोमन दीपगृह मात्र चुकवू नका. बाहेरून अष्टकोनी, आतून चौकोनी, दगडांत मधूनमधून लाल विटांचे थर. वरचा भाग मध्ययुगातला आहे, तिथे हे थर संपतात.

सह्यवेडा
आणि कँटरबरी?

तटबंदी
रॉचेस्टरहून थेट गाडी कँटरबरी ईस्टला जाते, त्यामुळे दोन्ही एका दिवसात होतात. फक्त रविवार टाळा, सकाळी प्रार्थनेमुळे तिथलं कॅथेड्रल (मुख्य चर्च) पर्यटकांना बंद असतं. वेळ उरला तर सेंट मार्टिन चर्च. 597 च्याही आधीपासून वापरात आहे, भिंतीत रोमन विटा आहेत. पण आठवड्यातले ठरावीकच दिवस उघडतं.

खाडीकाठ
डोव्हरनंतर रेल्वेने डील. 1539-40 मध्ये आठव्या हेन्रीने तोफांसाठी बांधलेला बुटका किल्ला, फुलाच्या पाकळ्यांसारखे बुरूज. तिथून समुद्राकाठच्या सपाट रस्त्याने वॉल्मर कासल दीडेक किलोमीटर. 1803 मध्ये अहमदनगरचा किल्ला घेणारा आणि असईची लढाई जिंकणारा वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, 1852 साली याच वाड्यात वारला. त्याची खोली आहे. हिवाळ्यात दोन्ही ठिकाणी उघडण्याचे दिवस कमी असतात, आधी बघून ठेवा.

रॉचेस्टर, डोव्हर, डील, वॉल्मर सगळं इंग्लिश हेरिटेज या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेच्या सदस्यत्वात येतं, कॅथेड्रलचं तिकीट वेगळं. सेंट पँक्रसहून सुटणाऱ्या जलद गाड्यांना जादा भाडं पडतं. घाई नसेल तर व्हिक्टोरियाहून निघा. तिघे मोठे एकत्र असाल तर गर्दीच्या वेळा सोडून ग्रुपसेव्ह तिकीट मागा, एक तृतीयांश सूट मिळते.