मदत हवी आहे: गुडघ्याच्या कार्टिलेजवर दुहेरी रेघ दिसते, गाऊट म्हणावं का?

जेल_आणि_प्रोब

नमस्कार. नागपूरच्या रामदासपेठेतल्या आमच्या सेंटरवर पोटाच्या आणि गरोदरपणाच्या सोनोग्राफ्या रोजच्याच. सांध्यांच्या चिठ्ठ्या मात्र हल्लीच यायला लागल्यात. त्यातल्या एका केसवर जाणकारांचं मत हवंय.

पेशंट पुरुष, पन्नाशी ओलांडलेले. आधी दोनदा उजव्या पायाच्या अंगठ्याचं मूळ रात्रीतून सुजलं, लाल झालं, चादर लागलेलीही सहन होईना, आणि दरवेळी आठवडाभरात पूर्ण उतरलं. आता "टोंगळा (गुडघा) सुजला" म्हणून आलेत, आजचा तिसरा दिवस. ताप ९९.८. बीपीची गोळी थायझाइडवाली (लघवी वाढवणारी). युरिक ॲसिड ६.४, क्रिएटिनिन १.३, गुडघा आणि अंगठा दोन्हींचे एक्स-रे साफ. चिठ्ठीवर एवढंच लिहिलंय: गाऊट आहे का बघा.

७ ते १२ मेगाहर्ट्झचा लिनियर प्रोब, डेप्थ ५ सेंमी, कंपाउंड इमेजिंग चालू. गुडघा जेमतेम ६० अंश वाकतो. वाटीच्या वर प्रोब आडवा ठेवला की मांडीच्या हाडावरचा कार्टिलेजचा (कूर्चेचा) काळा पट्टा दिसतो आणि त्याच्या वरच्या कडेला मधोमध एक चकचकीत रेघ, म्हणजे खालची हाडाची धरून दोन. वाटीवरच्या पोकळीत पाणी आहे, त्यात पांढरे ठिपके तरंगतात. डॉपलर (रक्तप्रवाह रंगात दाखवणारं) लावलं तर रंग फारसा येत नाही.

रेघ खरी की मशीनची, हे ठरवायचं कसं? सेटिंग काय ठेवू? आणखी कुठले सांधे बघू? रिपोर्टमध्ये किती ठाम लिहावं?

धंतोली_एमएसके

रेघ मधोमधच आहे, हे तुम्ही लिहिलंत ते महत्त्वाचं. ध्वनी कार्टिलेजवर अगदी सरळ, काटकोनात पडला की निरोगी गुडघ्यातही वरच्या कडेला बारीक पांढरी रेघ उमटते. वर पाणी साचलेलं असेल तर ती आणखी उठून दिसते. युरेटचा, म्हणजे गाऊटमध्ये साठणाऱ्या युरिक ॲसिडच्या क्रिस्टलचा, थर असेल तर रेघ कोनावर अवलंबून राहत नाही. मांडीच्या हाडाचा तो भाग दरीसारखा असतो, म्हणून दोन्ही उतारांवर बघा. मधोमध चमकली आणि उतारावर विरली तर ती बहुतेक नुसत्या पृष्ठभागाची रेघ. उतारावरही टिकली, जाडी थोडी कमीजास्त, कड खरबरीत, खालच्या हाडाच्या रेघेइतकीच ठळक, तर युरेट.

तपासणी अशी करा. आधी कंपाउंड बंद करा. तो चालू असताना मशीन अनेक कोनांतून चित्र जुळवतं, त्यामुळे तुम्ही प्रोब कलवल्याचा परिणाम पुसट होतो आणि टोफसमागची (युरेटच्या गाठीमागची) सावलीही पातळ दिसते. डेप्थ ५ वरून ३ ते ३.५ सेंमीवर आणा, फोकस कार्टिलेजच्या पातळीला. आता जागा न सोडता प्रोब त्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, पुन्हा पहिल्याकडे, असा सावकाश कलवा. नंतर गेन (चित्राचा उजळपणा) उतरवत न्या. आजूबाजूचे मऊ भाग काळे पडले तरी युरेट चमकत राहतं. साधी रेघ त्यांच्यासोबतच विझते.

पण ६० अंश पुरत नाहीत. कार्टिलेजचा भार झेलणारा भाग वाटीखालून बाहेर यायला गुडघा ९० अंशांच्या पुढे वाकायला हवा. सुजलेल्या सांध्यावर जबरदस्ती नको. या केसमध्ये गुडघा हट्टाने बघत बसण्यापेक्षा अंगठ्याकडे चला, दुखणं तिथूनच सुरू झालंय.

अंगठ्यासाठी पेशंटला उताणं झोपवून गुडघा दुमडा, तळवा बेडवर टेकवा. असेल तर १५ मेगाहर्ट्झच्या वरचा प्रोब किंवा हॉकी स्टिक (छोटा वाकडा प्रोब) वापरा, नसेल तर तुमचा १२ चालेल. डेप्थ दीड ते दोन सेंमी. जेल सढळ हाताने घाला, त्वचा आणि प्रोब यांच्यामध्ये जेलचा काळा थर स्क्रीनवर दिसलाच पाहिजे. वरून उभा प्रोब ठेवा आणि अंगठा तळव्याकडे वाकवा, म्हणजे मेटाटार्सलच्या (अंगठ्यामागच्या लांब हाडाच्या) डोक्यावरचं कार्टिलेज उघडं पडतं. इथेही कलवून बघा, आणि अंगठा हळूच वर-खाली हलवा. युरेटचा थर कार्टिलेजला चिकटलेला असल्यामुळे हाडाच्या डोक्यासोबत सरकतो. वरच्या सायनोव्हियमची (सांध्याच्या अस्तराची) रेघ वेगळ्या दिशेने जाते. दुहेरी रेघेचा आभास करणाऱ्या पुष्कळ गोष्टी एवढ्यावर उघड्या पडतात.

मग प्रोब आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाकडे असते त्या कडेला न्या. हाड खाल्लेलं असेल तर बहुतेकदा तिथेच सापडतं, आणि खड्ड्याला लागून ढगासारखा टोफस असतो: आत पांढऱ्या-करड्या रंगांचं मिश्रण, भोवती कधी बारीक काळी कड, मागे सावली असेल किंवा नसेल. खड्डा उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही छेदांत दिसला तरच इरोजन लिहा. डोक्याच्या मागे, मानेपाशी वरच्या बाजूला एक गुळगुळीत खोलगट भाग सगळ्यांनाच असतो. त्याचा तळ अखंड असतो, त्याला इरोजन म्हणू नका.

डॉपलरबद्दल. रंग येत नाही याचं पहिलं कारण हाताचा दाब. लहान सांध्यात किंचित दाबलं तरी बारीक रक्तवाहिन्या मिटतात. पीआरएफ (पल्स पाठवण्याचा वेग) ०.५ ते १ किलोहर्ट्झ, वॉल फिल्टर (मंद प्रवाह गाळणारा) सगळ्यात खाली. कलर गेन हाडाखाली ठिपक्यांचा कचरा दिसेपर्यंत वाढवा, मग तो जेमतेम जाईल इतका कमी करा. बॉक्स त्वचेपर्यंत वर घ्या. आणि सूज उतरलेल्या सांध्यात रंग नाही म्हणून गाऊट नाही, असं कधीच होत नाही.

वातरोग_ओपीडी

धंतोलीकरांनी रेघेचं छान सांगितलं. मला काळजी गुडघ्याची आहे. तीन दिवसांचा गरम, भरलेला गुडघा आणि अंगात कणकण. इथे पहिलं काम सुईने पाणी काढून तपासण्याचं. पू, रक्त, फायब्रिन, युरेट, हवेचे बुडबुडे, सगळ्यांचेच पांढरे ठिपके तरंगताना दिसतात. डॉपलरचा रंगही गाऊट आणि जंतुसंसर्ग वेगळे करत नाही. पाणी न काढता "गाऊटच" लिहून पाठवलं आणि आत सेप्टिक निघालं तर सांधा काही दिवसांत जातो. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना आजच फोन करा.

युरिक ॲसिड ६.४ वर भिस्त नको. ऐन झटक्यात ते खाली उतरलेलं असू शकतं. सूज उतरल्यावर दोन आठवडे तरी जाऊ द्या, मग पुन्हा काढा. थायझाइडने ते वाढतं. त्यात नागपूरचा मे महिना, पारा ४५ च्या घरात आणि पोटात पाणी कमी. तरी बीपीची गोळी पेशंटने मनाने बंद करू नये, बदलायची तर फिजिशियन बदलतील.

आता सोनोग्राफीचं वजन किती, ते बघा. २०१५ च्या एसीआर आणि युलार (अमेरिकी आणि युरोपीय संधिवात संघटना) यांच्या निकषांत गाऊट म्हणायला एकूण ८ गुण लागतात. अंगठ्याच्या मुळाला झटका आला त्याचे २. पुन्हापुन्हा येऊन पूर्ण उतरणारे ठराविक झटके, त्याचे २. युरिक ॲसिड ६ ते ८ च्या मधलं, त्याचे २. झाले ६. लाली, स्पर्श सहन न होणं आणि चालता न येणं, यांतल्या प्रत्येकाचा १ असे जास्तीत जास्त ३. चालण्याचं तुम्ही लिहिलं नाहीत, तेवढं विचारा, पण पहिल्या दोन गोष्टींवरच ८ होतात. सोनोग्राफीवर खरी दुहेरी रेघ मिळाली तर आणखी ४. मात्र हे ४ गुण कधीतरी दुखलेल्या सांध्यातल्या रेघेलाच मिळतात. डावा अंगठा कधीच दुखला नसेल तर तिथली रेघ धरायची नाही. युरिक ॲसिड वाढलेल्या पण एकही झटका न आलेल्या लोकांतही ती सापडते. शिवाय हे निकष अभ्यासासाठी रुग्ण निवडायला केलेत. समोरच्या माणसाचं निदान त्यांच्या आधाराने करावं, त्यांच्या हवाली करू नये.

काचपट्टी

पाण्याचं माझ्याकडून. जाड पाणी बारीक सुईतून येत नाही, गुडघ्याला १८ ते २० गेजची घ्या. कल्चरला आधी बाजूला काढा, शक्यतो ब्लड कल्चरच्या बाटलीत. पेशी मोजायला द्रवरूप ईडीटीएची (गोठू न देणाऱ्या रसायनाची) नळी. क्रिस्टलसाठी साधी सिरिंजही चालते. पावडर ईडीटीए आणि लिथियम हेपॅरिन टाळा, त्यांचेच कण काचेवर चमकतात आणि फसवतात. याच गुडघ्यात हल्ली स्टेरॉइडचं इंजेक्शन झालं असेल तर तसं लॅबला कळवा, त्याचे कणही ध्रुवित प्रकाशात उजळतात.

एक थेंब, वर कव्हरस्लिप, आणि शक्य तितक्या लवकर मायक्रोस्कोपखाली. रेड कॉम्पेन्सेटर (मायक्रोस्कोपचं एक फिल्टर) लावल्यावर युरेटच्या सुया त्याच्या अक्षाला समांतर असतील तेव्हा पिवळ्या, आडव्या असतील तेव्हा निळ्या. कॅल्शियम पायरोफॉस्फेटचं (गाऊटसारखीच सूज आणणाऱ्या दुसऱ्या क्रिस्टलचं) नेमकं उलट, आणि ते आखूड, चौकोनी, फिकट. गाऊटमध्येही पेशी ५० हजारांच्या वर जाऊ शकतात आणि क्रिस्टल सापडले म्हणून जंतू नाहीत असं ठरत नाही, म्हणून कल्चर नेहमीच पाठवा. पुढे कधी टोफसचा तुकडा पाठवायची वेळ आली तर फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका, त्यात युरेट विरघळतं. ॲब्सोल्युट अल्कोहोलमध्ये पाठवा.

मानेवाडा_रिंगरोड

मधेच विचारतो, डॉक्टर मंडळी. आमचे आबा ८१ वर्षांचे, अंगठा आणि घोटा सुजलाय, जिना उतरवणं काही जमत नाही. छोटं मशीन घरी आणून अशी तपासणी होते का?

धंतोली_एमएसके

नाही हो, घरी येऊन कोणी करणार नाही. सोनोग्राफी मशीन कुठलंही असो, अगदी मोबाइलला लावायचा प्रोबही, १९९४ च्या पीसीपीएनडीटी (गर्भलिंग तपासणीविरोधी) कायद्याखाली नोंदलेलं लागतं आणि नोंदवलेल्या जागेबाहेर असं नेता येत नाही. तपासणी फक्त पायाची असली तरी नियम तोच. आबांना खुर्चीवर बसवून दोघांनी खाली उतरवा, वाटल्यास ॲम्ब्युलन्स बोलवा. या वयात घोट्यासाठी पायरोफॉस्फेटही डोक्यात ठेवावं लागतं, आणि ताप असेल तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत आजच दाखवा. तोवर घरातल्या जुन्या पेनकिलर देऊ नका, ८१ व्या वर्षी किडनीला त्या झेपत नाहीत.

पायरोफॉस्फेट निघालंच आहे तर मूळ प्रश्नासाठीही एक गोष्ट. त्याचे ठिपके कार्टिलेजच्या पोटात, काळ्या पट्ट्याच्या मधोमध बसतात. युरेट पट्ट्याच्या वरच्या कडेवर. शंका आली की गुडघ्याचा मेनिस्कस (सांध्यातली गादी) आणि मनगटातलं करंगळीकडचं त्रिकोणी कार्टिलेज बघा, तिथे ठिपके दिसले तर पारडं पायरोफॉस्फेटकडे झुकतं.

जेल_आणि_प्रोब

सगळ्यांचे आभार. गुडघ्याचं पाणी त्याच दिवशी काढलं गेलं. गढूळ, पिवळं. सुया दिसल्या, पिवळ्या-निळ्याचा नियम जुळला. ग्रॅम स्टेनमध्ये (जंतूंसाठीच्या रंगतपासणीत) काही नाही, कल्चर यायचं आहे.

पाणी काढण्याआधी कंपाउंड बंद करून पुन्हा बघितलं होतं. गुडघ्यावरची रेघ दोन्ही उतारांवर विरते, गेन उतरवला की जाते. उजव्या अंगठ्यावर मात्र वरच्या बाजूला रेघ टिकते, कलवूनही आणि गेन उतरवूनही, आणि हाडासोबतच सरकते. आतल्या कडेला ६ बाय ४ मिमीचा ढग, सावली नाही. इरोजन नाही. घोट्यात, पाऊल ताणून टॅलसवर (घोट्याच्या हाडावर) पाहिलं, काही नाही. वाटीखालच्या टेंडनमध्ये (कंडरेत) दोन-तीन चमकणारे ठिपके आहेत, ते धरायचे का? आणि गुडघ्याच्या पाण्यात युरेट आहे तर गुडघ्यावर रेघ का नाही?

वातरोग_ओपीडी

रेघ नसणं अजिबात विचित्र नाही. क्रिस्टल सायनोव्हियममध्ये, मेनिस्कसजवळ, टेंडनमध्ये कुठेही साठतात, कार्टिलेजवर थर बसलाच पाहिजे असं नाही. शिवाय ६० अंशांत तुम्हाला अर्धंच कार्टिलेज दिसलं. सूज उतरली की गुडघा पूर्ण वाकवून पुन्हा बघा. बाहेरच्या बाजूला मांडीच्या हाडात पॉप्लिटिअस (गुडघ्यामागच्या स्नायूच्या) टेंडनची खाच असते, तिथेही नजर टाका. युरेटची ती आवडती जागा आहे.

टेंडनमधले ठिपके दोन्ही छेदांत दिसत असतील आणि प्रोब कलवल्यावर, गेन उतरवल्यावरही टिकत असतील तर "ॲग्रिगेट्स" (क्रिस्टलचे पुंजके) म्हणून नोंदवा, पण निदान त्यांच्यावर उभं करू नका. टेंडन हाडाला चिकटतं तिथे कॅल्शियमही असंच दिसतं, आणि प्रोब तिरका पडला की टेंडनच काळं पडतं, मग साधे तंतूही उगाच उजळ वाटतात.

धंतोली_एमएसके

रिपोर्टमध्ये जे दिसलं ते आणि कसं तपासलं ते, दोन्ही लिहा. उजवा अंगठा: मेटाटार्सलच्या वरच्या कार्टिलेजवर कोन बदलूनही टिकणारी दुहेरी रेघ, आतल्या कडेला ६ बाय ४ मिमीचा टोफससदृश भाग, इरोजन नाही, डॉपलर अमुक ग्रेड. उजवा गुडघा: पाणी, त्यात ठिपके, कार्टिलेजवर खात्रीची दुहेरी रेघ नाही, वाकणं मर्यादित असल्याने तपासणी अपुरी. शेवटी "अंगठ्यातलं चित्र युरेट साठल्याशी जुळतं, गुडघ्यातल्या जंतुसंसर्गाबद्दल सोनोग्राफीवरून सांगता येत नाही". ही शेवटची ओळ गाळू नका.

फोटो जपून ठेवा. युरिक ॲसिड ६ च्या खाली टिकलं की काही महिन्यांत रेघ विरळ होऊन जाते, टोफसला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून पुढचा स्कॅन सहा महिने ते वर्षभराने, त्याआधी फार काही हाती लागत नाही. तोच प्रोब, तीच फ्रिक्वेन्सी, अंगठा तितकाच वाकवलेला, आणि टोफस त्याच दोन छेदांत मोजलेला. आजच्या फोटोवरच "आतली कड, उभा छेद" असं टाइप करून ठेवा, नाहीतर वर्षाने मशीनवर दुसरं कोणी बसलं की ६ मिमी नेमकं कुठून कुठे मोजलं होतं ते कळणार नाही.

जेल_आणि_प्रोब

तसंच लिहिते. कल्चर आलं की इथे कळवते.