अर्धशिशीचा झटका: रिझाट्रिप्टान कधी, किती आणि कशासोबत नाही?

रेवा७
वय ३४, महिन्याला चार-पाच झटके. काही झटक्यांच्या आधी वीसेक मिनिटं डोळ्यांसमोर चमचमणाऱ्या नागमोडी रेषा येतात, मग डावी बाजू ठणकते आणि मळमळ सुरू होते. न्यूरॉलॉजिस्टनी झटक्यासाठी रिझाट्रिप्टान १० ची (मि.ग्रॅ.) जिभेवर विरघळणारी गोळी आणि नॅप्रोक्सेन ५०० (वेदनाशामक) + डॉम्पेरिडोन १० दिलंय. फॅमिली डॉक्टरांची प्रोप्रानोलॉल ४० (नाडी आणि रक्तदाब आटोक्यात ठेवणारी, अर्धशिशीचे झटके टाळायलाही देतात ती गोळी) सकाळ-संध्याकाळ आधीपासून चालू आहे. घरात व्हॅसोग्रेनची (अर्धशिशीचीच दुसरी गोळी) अर्धी स्ट्रिपही आहे.
गोळी रेषा दिसताच घ्यायची की ठणका लागल्यावर? उपयोग नाही झाला तर दुसरी कधी? आणि तरीही नाही थांबलं तर वर व्हॅसोग्रेन चालेल का?

काउंटरपलीकडून
रेवाताई, तुम्ही न विचारलेली गोष्ट आधी सांगतो, कारण ती जास्त महत्त्वाची आहे. प्रोप्रानोलॉल चालू असताना रिझाट्रिप्टान १० ची नाही, ५ ची घ्यायची. प्रोप्रानोलॉलमुळे रिझाट्रिप्टानचा निचरा मंदावतो आणि रक्तातलं तिचं एकूण प्रमाण सरासरी ७० टक्क्यांनी वाढतं. म्हणजे १० ची गोळी अंगात १७ सारखी वागते. ५ च्या दोन गोळ्यांत किमान दोन तासांचं अंतर, आणि २४ तासांत दोनपेक्षा जास्त नाही. दोन चिठ्ठ्या दोन डॉक्टरांच्या असल्या की नेमकं हेच निसटतं. पुढचा झटका यायच्या आत न्यूरॉलॉजिस्टना फोन करून "प्रोप्रानोलॉल चालू आहे" एवढं सांगा. ते ५ ची देतील किंवा सुमाट्रिप्टानवर नेतील, तिची प्रोप्रानोलॉलशी अशी भानगड नाही.

दोन गोष्टी मात्र स्वतःच्या मनाने करू नका. १० ची विरघळणारी गोळी मोडून अर्धी करायची नाही, ती ठिसूळ असते, भुगा होतो आणि मात्रा कळत नाही. आणि "मग प्रोप्रानोलॉलच बंद करते" असंही नाही. ती अचानक सोडली तर नाडी आणि रक्तदाब उसळतात.

व्हॅसोग्रेनचं उत्तर: नाही. तिच्यात अर्गोटामिन आहे, सोबत कॅफिन, पॅरासिटामॉल आणि प्रोक्लोरपेराझिन. अर्गोटामिन आणि ट्रिप्टान (रिझाट्रिप्टान, सुमाट्रिप्टान या जातीच्या गोळ्या) दोन्ही रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून एकीनंतर दुसरीपर्यंत २४ तास जाऊ द्यायचे. आधी कुठली घेतली तरी नियम तोच धरा. शिवाय अर्गोटामिन चालू असताना कुणी घशासाठी क्लॅरिथ्रोमायसिन दिली तर हातापायांचा रक्तपुरवठा तुटेपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. आमच्याकडे लोक ही गोळी क्रोसिनसारखी मागतात, ते बघून धास्ती वाटते. ती स्ट्रिप घरातून काढून टाका.

मेंदूची_ओपीडी
वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. आता वेळेबद्दल.

रेषा दिसत असताना ट्रिप्टान घेतली तर सहसा धोका नाही, पण त्या वेळी घेतलेली गोळी पुढचं डोकं दुखणं नीट अडवत नाही. ठणका सुरू झाला, पण अजून सौम्य आहे, ती वेळ धरा. उशीर झाला की केस विंचरताना, उशीला टेकल्यावरही त्वचा दुखू लागते. एकदा ती अवस्था आली की ट्रिप्टानचा असर निम्माशिम्मा उरतो. "आधी चहा पिऊन बघू, मग झोपून बघू" यात तास जातो आणि मग गोळी कुचकामी म्हणून नाव ठेवलं जातं.

नॅप्रोक्सेन-डॉम्पेरिडोन त्याच वेळी, पाण्यासोबत घ्या. दोन्हींची कामं वेगळी आहेत: ट्रिप्टान झटका तोडते, नॅप्रोक्सेन तो पुन्हा उलटण्याची शक्यता कमी करते. डॉम्पेरिडोन फक्त मळमळीसाठी नसते. झटक्यात जठर जवळजवळ ठप्प होतं, पोटातली गोळी पुढे आतड्यात सरकत नाही. डॉम्पेरिडोन ते हलवते. उपवासाच्या दिवशी नॅप्रोक्सेन रिकाम्या पोटी घेऊ नका, आणि खरं तर अर्धशिशी असणाऱ्यांनी निर्जळी उपवास टाळावेतच.

जिभेवर विरघळणारी गोळी जलद चालते, हा समज चुकीचा आहे. औषध तोंडातून नाही, आतड्यातूनच शोषलं जातं. फायदा इतकाच की पाणी लागत नाही. म्हणून सुरुवातीलाच उलट्या होत असतील तर सुमाट्रिप्टानचा नाकात मारायचा २० मि.ग्रॅ.चा स्प्रे किंवा कातडीखाली द्यायचं ६ मि.ग्रॅ. इंजेक्शन याबद्दल डॉक्टरांना विचारा. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर किती पोटात राहिली ते कळत नाही. अंदाजाने लगेच दुसरी घेऊ नका.

दुसरी गोळी कधी? दुखणं गेलं आणि परत आलं तर दोन तासांनंतर. पहिलीने काहीच फरक पडला नसेल तर त्याच झटक्यात दुसरी घेण्यात अर्थ नाही. पण एका झटक्यात नापास झाली म्हणून ट्रिप्टान सोडूही नका. वेळेवर, तुम्हाला सांगितलेल्या पूर्ण मात्रेत, दोन-तीन झटक्यांत पाहा. एका ट्रिप्टानला दाद न देणाऱ्याला दुसरी लागू पडते, हे नेहमीचं आहे.

शंकासूर
नॅप्रोक्सेनसोबत अंगदुखीसाठी काँबिफ्लाम घेतली तर? आणि ट्रिप्टानने छाती आवळल्यासारखी होते असं ऐकलंय.

काउंटरपलीकडून
काँबिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन आहे, म्हणजे नॅप्रोक्सेनचीच जात. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅकही तसंच. एका दिवशी एकच, नाहीतर जठर आणि मूत्रपिंड दोन्हींवर ताण. ताप असेल आणि डेंगीचा संशय असेल तर यातलं काहीच नको, फक्त पॅरासिटामॉल. तेही सर्दीच्या गोळीत लपलेलं असतं, स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचा. डॉम्पेरिडोन मात्र क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनाझोलसोबत नको, हृदयाची लय बिघडू शकते.

मेंदूची_ओपीडी
छाती, मान, जबडा जड वाटणं, मुंग्या येणं हे ट्रिप्टानने होतं आणि बहुतेकदा थोड्या वेळात ओसरतं. पण हृदयविकार, पूर्वी पक्षाघात किंवा त्याचा तात्पुरता झटका, ताब्यात नसलेला रक्तदाब, पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार, किंवा झटक्यात एक बाजू लुळी पडणारी अर्धशिशी असेल तर ट्रिप्टान देतच नाहीत. धूम्रपान, मधुमेह, घरात लवकर आलेला हृदयविकार असेल तर पहिली गोळी सुरू करण्याआधीच तपासणी. छातीतलं दुखणं टिकलं, हाताकडे गेलं, घाम आला तर १०८.

आता ज्यावर रुग्ण सगळ्यात कमी लक्ष देतात ते: गोळ्या नाही, दिवस मोजा. ट्रिप्टान, अर्गोटामिन किंवा मिश्र वेदनाशामक (सॅरिडॉनसारख्या) महिन्यात १० किंवा जास्त दिवस, किंवा साधी वेदनाशामकं १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की औषधच डोकं दुखवू लागतं. मग रोज सकाळी डोकं जड आणि गोळीवर गोळी. कॅलेंडरवर औषध घेतलेल्या दिवशी फुली मारा. आठच्या वर फुल्या गेल्या की भेटीला या, प्रतिबंधक औषध वाढवायचं किंवा बदलायचं असतं.

रेवा७
५ ची नवीन चिठ्ठी मिळाली, धन्यवाद. एक राहिलं. गर्भनिरोधक गोळ्या सुरू आहेत, त्याचा काही संबंध?

मेंदूची_ओपीडी
आहे, आणि हे तुम्ही पहिल्यांदाच लिहायला हवं होतं. रेषा येणाऱ्या अर्धशिशीत इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या घेऊ नयेत, पक्षाघाताचा धोका वाढतो. स्ट्रिपवर एथिनिल इस्ट्राडायोल लिहिलंय का बघा. असेल तर पुढची स्ट्रिप सुरू करण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला. फक्त प्रोजेस्टोजेनच्या गोळ्या किंवा तांबी असे पर्याय आहेत. बदल होईपर्यंत कंडोम वापरा. आणि मूल हवं असा विचार सुरू झाला की नॅप्रोक्सेनबद्दलही विचारून घ्या.
रेषा तासाभराहून जास्त राहिल्या, बोलणं अडखळलं, हातपाय लुळे पडले किंवा आयुष्यात कधी नव्हतं असं डोकं क्षणात फुटल्यासारखं दुखलं, तर ट्रिप्टान घेऊन वाट बघू नका, थेट इमर्जन्सीत जा.