मदत हवी आहे: 'आय हॅड गॉन यस्टरडे' कसं थांबवायचं?

बडोद्यात दहावीच्या आठ मुलांना इंग्रजी लेखन शिकवते. 'मी काल गेलो होतो' याचं सगळे 'आय हॅड गॉन यस्टरडे' करतात. मराठीत 'होतो' एकट्या घटनेलाही चालतं, गुजरातीत 'गयो हतो' तसंच. इंग्रजी 'हॅड'ला मात्र नंतरची दुसरी घटना किंवा वेळ लागते, नाहीतर 'आय वेंट' पुरतं.

'यस्टरडे' दिसलं की 'हॅड' खोडा, असं सांगून पाहिलं. मग 'व्हेन आय रीच्ड द स्टेशन यस्टरडे, द ट्रेन हॅड लेफ्ट' यातलाही 'हॅड' गेला, आणि अर्थच बदलला! घटनांना 1, 2 क्रमांक देणं भाषांतरात जमतं, स्वतःच्या परिच्छेदात विसरतात.

नियम पाठ आहेत, त्यामुळे व्याकरणाचं पुस्तक नको. आठवड्याला दोनच तास मिळतात. परिच्छेद लिहून झाल्यावर प्रत्येक 'हॅड' मुलांना स्वतः तपासता येईल असा सराव कुणी घेतलाय का?