‘चार्ज’च्या पुढे विथ, फॉर, ॲट की ऑफ?

प्रश्न

मोबाइल चार्ज करणं, पदाचा चार्ज घेणं, डिलिव्हरी चार्ज, लाठीचार्ज… मराठीत हा शब्द सर्रास चालतो. पण इंग्रजीत वाक्य लिहायला घेतलं की त्याच्यापुढे कोणतं प्रिपोझिशन लावायचं, हा प्रश्न उरतोच. नेमकं हे विचारायचं आहे:

‘ही वॉज चार्ज्ड विथ थेफ्ट’ बरोबर की ‘फॉर थेफ्ट’?
‘माझ्याकडून जास्त पैसे घेतले’ याचं ‘दे चार्ज्ड एक्स्ट्रा फ्रॉम मी’ होतं का?
‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’ यांत फरक आहे का?

आणि एकाच शब्दाला पैसे, आरोप, जबाबदारी, हल्ला, वीज इतके अर्थ कसे चिकटले? त्यांच्यात काही समान धागा आहे का?

प्रतिसाद १

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण मराठीभाषकांची सगळ्यात जास्त गफलत तिथेच होते. ‘फ्रॉम मी’ अजिबात नको. पैशांच्या अर्थाने वापरलेलं ‘चार्ज’ हे ‘गिव्ह’सारखं दोन कर्मं घेणारं क्रियापद आहे: आधी कोणाला, मग किती, आणि दोघांच्या मध्ये काहीही येत नाही. कशाबद्दल, ते ‘फॉर’ लावून सांगायचं. ‘द बँक चार्ज्ड मी अ फी फॉर द ट्रान्सफर.’ यातून ‘मी’ काढा, वाक्य चालतं. ‘अ फी’ काढा, तरी चालतं. दोन्ही काढून ‘द बँक चार्जेस फॉर ट्रान्सफर्स’ म्हटलं तरी पूर्ण अर्थ लागतो. ‘फ्रॉम’ येतो तो आपल्या ‘कडून’मधून, म्हणून तो कानाला खटकतही नाही.

याच्याच जोडीची दुसरी चूक कर्त्याची. ‘चार्ज’चा कर्ता पैसे घेणारा असतो, ‘कॉस्ट’चा कर्ता वस्तू किंवा काम. ‘द मेकॅनिक चार्ज्ड मी अ लॉट’ ठीक, ‘द रिपेअर कॉस्ट मी अ लॉट’ ठीक, पण ‘द रिपेअर चार्ज्ड मी अ लॉट’ चुकीचं. नाम वापरताना साधारण असं धरा: वस्तूची ‘प्राइस’, प्रवासाचं ‘फेअर’, व्यावसायिकाची किंवा प्रवेशाची ‘फी’, आणि सेवेचा ‘चार्ज’. खात्यावर किंवा कार्डावर रक्कम टाकायची असेल तर ‘टू’: ‘चार्ज इट टू माय अकाउंट.’ फुकट म्हणायला ‘फ्री ऑफ चार्ज’ हा सगळीकडे चालणारा प्रयोग आहे. ‘फ्री ऑफ कॉस्ट’ आपल्याकडच्या इंग्रजीत रुळलेला असला, तरी बाहेरच्या वाचकासाठी लिहिताना पहिलाच घ्या.

आता पहिला प्रश्न. आरोपासाठी क्रियापदाला ‘विथ’च लागतं. ‘फॉर’ लावलंत की वाचक बिलाचा विचार करू लागतो. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा:

‘ही वॉज चार्ज्ड फॉर द मिसिंग बुक.’ हरवलेल्या पुस्तकाचे पैसे त्याच्याकडून वसूल केले.
‘ही वॉज चार्ज्ड विथ स्टीलिंग द बुक.’ पुस्तक चोरल्याचा आरोप त्याच्यावर ठेवला.

‘ॲक्यूज’ला मात्र ‘ऑफ’ लागतं आणि त्याचं वजनही वेगळं आहे. ‘ॲक्यूज’ कोणीही कोणालाही करू शकतो, अगदी घरातल्या घरातसुद्धा. कायद्याच्या संदर्भात ‘चार्ज’ म्हणजे अधिकृत यंत्रणेने रीतसर ठेवलेला आरोप. त्यामुळे बातमीचं भाषांतर करताना नुसत्या संशयिताला ‘चार्ज्ड’ म्हणणं ही फक्त भाषेची चूक राहत नाही, त्या माणसावर अन्याय होतो.

एक गोम लक्षात ठेवा. क्रियापदाला ‘विथ’ लागत असलं तरी नामाला ‘ऑफ’ लागतं: ‘अरेस्टेड ऑन अ चार्ज ऑफ थेफ्ट’. आणि माणसाच्या आधी ‘अगेन्स्ट’: ‘द चार्जेस अगेन्स्ट हर’. ‘चार्ज विथ’ पाठ झालं की लोक ‘अ चार्ज विथ थेफ्ट’ लिहून बसतात.

प्रतिसाद २

‘इन चार्ज’बद्दल. फरक आहे आणि तो चांगलाच मोठा आहे. एका ‘द’मुळे सांभाळणारा आणि सांभाळला जाणारा यांची अदलाबदल होते.

‘द नर्स इज इन चार्ज ऑफ द चिल्ड्रन.’ नर्स मुलांना सांभाळते.
‘द चिल्ड्रन आर इन द चार्ज ऑफ द नर्स.’ मुलं नर्सच्या ताब्यात आहेत.

दुसऱ्या वाक्यातला ‘द’ गळला तर मुलंच नर्सवर देखरेख करतायत असा अर्थ होतो. धोका टाळायचा असेल तर ‘इन हर चार्ज’ लिहा. ते नेहमी सांभाळल्या जाणाऱ्याबद्दलच असतं. याच अर्थातून नाम पुढे सरकून माणसालाच लागतं: ‘द नर्स अँड हर चार्जेस’ म्हणजे नर्स आणि तिच्यावर सोपवलेली मुलं. इथे बिल किंवा आरोप शोधत बसू नका.

‘इनचार्ज’ हे पदनाम म्हणून, म्हणजे ‘मीट द इनचार्ज’ असं, दक्षिण आशियाई इंग्रजीत चालतं. इतरत्र ‘द पर्सन इन चार्ज’ म्हणतात. ‘अॅडिशनल चार्ज’चंही तसंच. आपल्याकडे तो अतिरिक्त कार्यभार, पण बाहेरचा वाचक तो जादा आकार समजेल. ‘टेक चार्ज ऑफ’ मात्र सगळीकडे चालतं आणि त्यात ‘द’ येत नाही.

प्रतिसाद ३

समान धाग्याबद्दल: मूळ लॅटिन ‘कारुस’, म्हणजे चाकांची गाडी. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये गाडीवर माल लादणं असा अर्थ असलेलं क्रियापद झालं, ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलं. ‘कार’, ‘कॅरी’ आणि ‘कार्गो’ याच कुळातले. लादणं हा अर्थ धरला की बरीच गाठ सुटते: खर्च लादला, आरोप लादला, जबाबदारी लादली. तोफेत दारू भरणं हाही ‘चार्ज’च आणि विद्युतभार भरणंही त्याच ओळीतलं. ‘डिस्चार्ज’ त्याच्या बरोबर उलट. म्हणून रुग्णालयातून रुग्ण, नोकरीतून माणूस, बॅटरीतून वीज आणि जहाजावरून माल, चारही ‘डिस्चार्ज’ होऊ शकतात.

फक्त या धाग्यावर फार भिस्त ठेवू नका. चाल करून जाणं हा अर्थ त्यात सरळ बसत नाही, आणि प्रिपोझिशन कोणतं लागणार हे तर व्युत्पत्ती सांगतच नाही. ते प्रयोगासकटच लक्षात ठेवावं लागतं. चाल करून जाण्यासाठी ‘ॲट’ घ्या: ‘द बुल चार्ज्ड ॲट हिम.’ बैल अंगावर धावला, धडक बसलीच असं नाही. बेधडक आत घुसण्यासाठी ‘इन्टू’. ‘लाठीचार्ज’ दक्षिण आशियाबाहेर समजावून सांगावा लागतो, तिथे ‘बॅटन चार्ज’ लिहा.

प्रतिसाद ४

बॅटरीचा अर्थ सगळ्यांनी सोपा म्हणून सोडलेला दिसतो, पण रोजच्या बोलण्यात घोटाळा तिथेही होतो.

‘माय फोन इज इन चार्जिंग’ नाही, ‘माय फोन इज चार्जिंग.’ फोन स्वतः कर्ता होतो, ‘इन’ची गरजच नाही. ‘माय चार्जिंग इज ओव्हर’ म्हटलं तर चार्ज करण्याचं काम पूर्ण झालं असा बरोबर उलटा अर्थ निघतो. बॅटरी संपली असेल तर ‘माय बॅटरी इज डेड’ किंवा ‘माय फोन इज आउट ऑफ चार्ज’. उरलेली वीज म्हणजे ‘चार्ज’, भरण्याची क्रिया म्हणजे ‘चार्जिंग’. बॅटरी लवकर उतरत असेल तर ‘इट डझन्ट होल्ड इट्स चार्ज’.

‘चार्जेबल’ आणि ‘रिचार्जेबल’ हेही वेगळे. पहिला म्हणजे ज्याचे पैसे लागतात तो, दुसरा म्हणजे पुन्हा भरता येणारा. ‘चार्जेबल बॅटरी’ लिहिलंत तर ती फुकट मिळणार नाही असं वाचणाऱ्याला वाटेल. ‘ओव्हरचार्ज’ मात्र गिऱ्हाइकालाही होतो आणि बॅटरीलाही.

प्रश्नकर्त्याकडून

खूप स्पष्ट झालं, सगळ्यांचे आभार. एकच शंका: ‘शी वॉज चार्ज्ड विथ इन्व्हेस्टिगेटिंग द फ्रॉड’ असं वाक्य वाचनात आलं. ‘विथ’ आहे, तर तिच्यावर आरोप आहे असं समजायचं का?

प्रतिसाद १

नाही. तिच्यावर घोटाळ्याच्या तपासाचं काम सोपवलं आहे. ‘विथ’ या दोन्ही अर्थांना लागतं, निवाडा ‘विथ’नंतरच्या शब्दांवर होतो. तिथे ‘ॲक्यूज्ड ऑफ’ घालून वाचा, मग ‘गिव्हन द टास्क ऑफ’ घालून वाचा. तपास करणं हा गुन्हा नाही, म्हणून पहिलं बसत नाही. मात्र नुसत्या क्रियापदावर थांबू नका, पूर्ण शब्दसमूह वाचा. ‘चार्ज्ड विथ हँडलिंग कंप्लेंट्स’ म्हणजे तक्रारी हाताळण्याची जबाबदारी, आणि ‘चार्ज्ड विथ हँडलिंग स्टोलन गुड्स’ म्हणजे चोरीचा माल बाळगल्याचा, पुढे खपवल्याचा आरोप. दोन्हीकडे ‘हँडलिंग’च आहे.